तीन नंबरच्या गाळ्याचं पाकीट

१

पाकिटावरची लाख रंजनानं स्वतःच्या हातानं फोडली. ते परागच्या दुकानातल्या टेबलावर उपडं केलं आणि आतून कॅलेंडरचे कपटे पडले. नोटांच्या आकाराचे, सरळ कापलेले, एकावर एक नीट रचलेले. एका कपट्यावर पापडाची अर्धी कृती होती. दुसऱ्यावर भाऊबीजेचा चौकोन होता आणि त्यात कुणीतरी पेनानं 'दूध नाही' असं लिहून ठेवलं होतं.

रंजनानं पाकिटात डोकावून पाहिलं. मग दोन बोटं घालून पाहिलं. मग ती परागकडे वळली.

"माझं चाळीस हजार कुठं हाय?"

परागचा चेहरा पांढरा पडला. आणि मला, खरं सांगायचं तर, आतून बरं वाटलं.

मी स्टॅम्पवाला. जव्हारच्या तहसील कचेरीबाहेर तीस वर्षं माझं टेबल आहे. भाडेपत्र, हमीपत्र, खरेदीखत, जे लिहायचं असेल ते मी लिहितो. पाच वर्षांपूर्वी परागनं माझ्या टेबलासमोरच ऑनलाइन सेवा केंद्र काढलं आणि लोकांची भाडेपत्रं संगणकातून निघू लागली. येताजाता तो मला काका म्हणून नमस्कार करायचा, त्याचा तर मला जास्तच राग यायचा. त्यात आठ दिवसांपूर्वी त्यानं चंद्रकांतशेठची तीन गाळ्यांची इमारत विकत घेतली. त्या इमारतीवर माझा पंधरा वर्षं डोळा होता. त्यासाठी मी पैसे साठवत होतो, आणि पुरेसे साठले असं वाटेपर्यंत भाव पुढे गेलेला असायचा.

चंद्रकांतशेठ गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांच्या पत्नीनं, पुष्पावतीवहिनींनी, इमारत विकली ती भाडेकरूंसकट. पहिल्या गाळ्यात समृद्धीचं ब्यूटी पार्लर, सहा वर्षांपासून. दुसऱ्यात देवजी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, त्याला चार वर्षं झाली. तिसऱ्यात रंजनाची खानावळ. रंजना जवळच्या दाभोसा गावची, बारा वर्षांपूर्वी इथे आली आणि आता निम्मी कचेरी तिच्या हातची नागलीची भाकरी खाते.

तिघांच्या अनामत रकमा वहिनींनी एका पत्र्याच्या पेटीतून परागच्या स्वाधीन केल्या. तीन पाकिटं, प्रत्येकावर शेठच्या अक्षरात नाव आणि रक्कम, तोंडाशी लाख, लाखेवर रुपयाच्या नाण्याचा ठसा. शेठची ही पद्धत गावाला माहीत होती. त्या दिवशी पाकिटं फोडून मोजावीत असं माझ्या मनात आलं होतं. पण चंद्रकांतशेठची पाकिटं मोजायची, हे शब्द कुणाच्या तोंडून निघणार? सगळ्यांनी मान हलवली आणि खरेदीखतात मी लिहिलं, 'भाडेकरूंच्या अनामत रकमा खरेदीदाराने मोजून ताब्यात घेतल्या.'

आता समृद्धी आणि देवजी धावत येऊन आपापली पाकिटं मागू लागले. परागनं तिथेच फोडून दाखवली. दोन्हींत पूर्ण रक्कम निघाली, कोऱ्या नोटांत.

म्हणजे फक्त रंजनाचे गेले होते.

"मी गाळा सोडते म्हणून सांगून बसले," रंजना म्हणाली. "मोखाड्याला पंचायत समितीजवळ गाळा बघलाय. चार दिवसांनी बाजार, त्या दिवशी डिपॉझिट नाय दिलं तर तो दुसऱ्याला देणार. इथं परागभाऊंनी माझ्या जागेत कॉम्प्युटर क्लास ठरवलाय. मग मी चूल कुठं मांडू?"

पराग म्हणाला, "ताई, देणं माझ्याकडे लागतं, मी नाही म्हणत नाही. पण कर्ज काढून घेतलीय ही जागा. चोर आहे तो सापडू दे आधी."

रंजना माझ्याकडे वळली. "मोजून घेतलं असं कागदावर तुमीच लिवलंत ना काका? मग शोधा पण तुमीच."

२

कपटे मी घरी आणले आणि मोजले. चाळीस होते. चाळीस हजारांना चाळीस कपटे, चोर हिशेबाला पक्का दिसत होता. खिशातली पाचशेची नोट मी एका कपट्यावर ठेवली. कपटा लांबीला बोटभर जास्त भरला, रुंदीलाही थोडा बाहेर आला. चाळीसही कपटे तेवढेच. कडा मात्र अगदी सरळ.

कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं. भाऊबीजेला 'दूध नाही' लिहिलंय, म्हणजे ते पान कुणाच्या तरी भिंतीवर भाऊबीजेपर्यंत वापरात होतं. शेठ पावसाळ्यातच गेलेले. तेव्हा कपटे कापले गेले ते शेठच्या माघारी, इतकं नक्की झालं. शेठ सुटले या चौकशीतून. मला त्याचंही थोडं वाईट वाटलं.

हे सांगून टाकतो म्हणजे पुढचं समजेल. चंद्रकांतशेठचा मी आयुष्यभर हेवा केला. तीस वर्षं मीही कुणाचा कागद खोटा लिहिला नाही, कुणाकडून जास्तीचा रुपया घेतला नाही. पण जव्हारात प्रामाणिकपणाची गोष्ट निघाली की नाव शेठचंच निघायचं. मी समोर बसलेला असलो तरी. कुणाला बहिणीचा वाटा ठेवायचा असो की लग्नाचे दागिने, लोक शेठकडे जायचे आणि पावती लिहायला माझ्याकडे यायचे. मी पावतीचे पन्नास रुपये घ्यायचो. ते काहीच घ्यायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी समृद्धीच्या पार्लरमध्ये गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. ती आरशाकडे पाठ करून बसली आणि विचारायच्या आधीच बोलू लागली.

"मला विचाराल तर काका, रंजनानं आपले पैसे कधीच परत घेतले असतील. शेठ तिला कशालाच नाही म्हणायचे नाहीत. माझं भाडं दर वर्षी वाढलं. देवजीचं वाढलं. आणि तिचं? नऊ वर्षं आहे तेवढंच. एक रुपया नाही वाढवला. मी एकदा तोंडावर विचारलं शेठना, तिच्या भाकरीत असं काय आहे?"

"काय म्हणाले?"

"काही नाही. मान खाली घालून निघून गेले. आता मान खाली घालायला काय कारण असतं पुरुषमाणसाला, तुम्हीच सांगा."

मी नुसतं हूं केलं. ही कुजबुज मी पूर्वीही ऐकली होती, आणि ती पसरू नये म्हणून मी काही केलं नव्हतं.

"तू डिपॉझिट दिलंस तेव्हा पाकीट बांधताना पाहिलं होतंस?"

"पाहिलं की. माझ्यासमोरच लाख लावली. मी म्हटलं, शेठ, बँकेत टाका, व्याज तरी मिळेल तुम्हाला. तर म्हणाले, दुसऱ्याच्या पैशाचं व्याज मी खाणार नाही. तू दिलीस तीच नोट जाताना तुझ्या हातात पडेल. बघा, तसंच झालं. कडेला मेंदीचा डाग पडलेली माझी एक नोट होती, ती तशीच निघाली काल."

पार्लरमधून निघालो तेव्हा माझं ठरलेलं होतं. पेटी आठ दिवस परागकडे होती. कपटे सरळ कापायला त्याच्या दुकानात कागद कापायचं यंत्र होतं. आणि कर्जाचा हप्ता त्याच्या डोक्यावर होता. इतकं सगळं एका माणसाकडे बोट दाखवत असताना मी आणखी कुठे बघू?

मी सरळ त्याच्या दुकानात गेलो. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी जामसरहून आलेली दहाबारा माणसं रांगेत होती. त्यांच्यासमोरच मी म्हणालो, "पराग, पाकीट तू फोडलंस."

३

पराग उठला. मला वाटलं हात उगारतो की काय. त्यानं काउंटरवरचं कागद कापायचं यंत्र माझ्याकडे सरकवलं.

"काका, यावर मोजपट्टी आहे. बघा. मी रोज इथे ओळखपत्रं कापतो, फोटो कापतो. मिलिमीटरचा फरक पडू देत नाही. नोटेचे कपटे कापायचे असते तर मी नोटेएवढेच कापले असते ना? तुमचे कपटे नोटेपेक्षा मोठे आहेत, काल टेबलावरच दिसलं मला. बोटभर जास्त लांब कशाला कापीन मी?"

रांगेतला एक म्हातारा हसला.

"आणि एक," पराग खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्हाला ही इमारत हवी होती, मला माहीत आहे. मला आधी कळलं असतं तर कदाचित मी मध्ये पडलो नसतो. पण चोर नका म्हणू."

मी बाहेर आलो. त्यानं माझ्यावर ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

पण त्याचा मुद्दा डोक्यातून जाईना. चाळीसही कपटे एका मापाचे, आणि ते माप चुकीचं. ज्याला इतकं नीट कापता येतं त्याचं माप असं चुकेल कशाला?

राहिला शेठचा मुलगा चैतन्य. तो नाशिकला असतो. खरेदीच्या दिवशी पेटी घरातून परागच्या दुकानापर्यंत त्यानंच उचलून आणली होती. पुढच्या सकाळी मी फोन लावला. तो गाडी चालवत होता आणि वैतागलेला होता.

"काका, सौद्याची सगळी रक्कम माझ्या खात्यात आलीय. त्यातून मी चाळीस हजार चोरीन? त्या पेटीला मी लहानपणापासून हात लावलेला नाही. किल्ली बाबा कुणाला देत नसत. अहो, अवंती झाली तेव्हा दिवाळीला आमच्याकडे आले, बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं. शिमग्यापर्यंत अंथरुणात. आई पण इथेच होती. तेव्हासुद्धा किल्ली उशाखाली. मी म्हणायचो, बाबा, जव्हारला जाऊन काही आणायचं असेल तर मी जातो. तर नको म्हणायचे."

"आणि ते गेल्यावर किल्ली कुणाकडे?"

"आईकडे. आणखी कुणाकडे असणार? पण आईवर संशय घेत असाल तर फोन ठेवतो मी."

"अवंती आता केवढी आहे रे?"

"दहावं लागलंय. का?"

"सहज," म्हटलं आणि फोन ठेवला. सहज नव्हतं. मी बोटांवर मागे मोजत गेलो आणि त्या दिवाळीपाशी येऊन थांबलो. त्या दिवाळीनंतर आठवड्याभरात काय झालं होतं ते साऱ्या देशाला आठवतं. माझ्या टेबलासमोरून बँकेच्या दारापर्यंत रांग गेली होती.

मी चप्पल घातली आणि रंजनाच्या खानावळीकडे निघालो.

४

रंजना भांडी पोत्यात भरत होती. बाजाराला दोन दिवस राहिले होते आणि तिनं सामान बांधायला घेतलं होतं, जायची जागा नक्की नसताना.

"रंजना, शेठना चाळीस हजार दिलेस ते कसल्या नोटांत दिलेस?"

"हजाराच्या," ती लगेच म्हणाली. "आमच्या बापानं जमिनीचा तुकडा दिला एकाला, त्यानं हजाराच्याच दिल्या. कोऱ्या. मना तर हातात धराया भ्या वाटायचं. शेठ बोलले, या अशाच परत मिळतील तुला."

मी तिच्या बाकावर बसलो. चाळीस कपटे. पाचशेच्या असत्या तर ऐंशी लागले असते. चोरानं रक्कम मोजलीच नव्हती, नोटा मोजल्या होत्या. आणि कपट्यांचं माप चुकलेलंच नव्हतं. जुनी हजाराची नोट आताच्या पाचशेच्या नोटेपेक्षा बोटभर लांब असायची. कुणीतरी खऱ्या नोटा समोर ठेवून, एकेका नोटेवर एकेक कपटा बेतून कापला होता.

पण ज्याच्यापुढे त्या नोटा होत्या, त्याच्यापुढे नुसता कागद होता. नोटाबंदीत हजाराची नोट मेली. समृद्धी आणि देवजी त्यानंतरचे भाडेकरू, म्हणून त्यांची पाकिटं शाबूत. त्याआधीचं पाकीट एकट्या रंजनाचं.

"तू नोटा बदलायला नाही मागितल्यास शेठकडे? बंदी आली तेव्हा?"

"शेठ नाशिकला, दवाखान्यात. आणि मना काय ठावं, त्यांनी तेच ठेवलंय अजून? बँकेत भरलं असंल वाटलं. एवढा शाणा माणूस."

एवढा शहाणा माणूस. मी रस्त्यावर आलो आणि माझ्या पायांत एकदम जोर आला. तीस वर्षांनी मला चंद्रकांतशेठची चूक सापडली होती.

पुष्पावतीवहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर एक कपटा ठेवला. त्यांनी सूप खाली ठेवलं. नाही म्हणायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

"भाऊजी, आत या."

देवघरातल्या फळीमागून त्यांनी रुमालाची पुरचुंडी काढली. आत चाळीस नोटा होत्या, कोऱ्या, हजाराच्या, कुठे घडीसुद्धा नाही.

"अंथरुणात असताना रोज बातम्या ऐकायचे," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, किल्ली द्या, मी जाऊन बदलून आणते. तर म्हणत, माझे पैसे असते तर दिली असती. हे दुसऱ्याचे आहेत. ज्याचे त्याच्यासमोर लाख फोडायची, त्याच्या हातानं बँकेत भरायचे. मी बरा झालो की जाऊ. सरकार मुदत वाढवील. मुदत संपली त्या दिवशी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. का, ते मला कळलं नाही तेव्हा. मला वाटलं, बदलले असतील कुणाकडून तरी."

"आणि रंजनाला सांगितलं नाही?"

"कसं सांगणार? चंद्रकांतशेठनं माझे पैसे बुडवले, असं ती म्हणाली असती तर ते जगले नसते. तिचं भाडं तेवढं वाढवलं नाही पुन्हा. मला वाटतं, तसंच फेडत होते ते आपल्या मनाशी. पण तिला पैसे परत हवे झाले तर काय, हा विचार केला की नाही, देव जाणे."

"वहिनी, मग तुम्ही नोटा काढून, कपटे घालून पुन्हा लाख का लावलीत? आहे तसं पाकीट दिलं असतं तर लोकांना खरं कळलं असतं."

"खरं कळू नये म्हणूनच. लोकांनी चोराला शोधत बसावं. चोर सापडला नसता. पण त्यांचं नाव राहिलं असतं."

"तुमच्याजवळचे पैसे का नाही घातले?"

"माझ्याजवळ कुठले? सगळं चैतन्यच्या खात्यात. मागायचे तर कारण सांगायला हवं."

एक प्रश्न उरला होता. "विक्रीआधी तुम्ही तिन्ही पाकिटं फोडून पाहिलीत?"

"नाही. तिचंच."

"तिचंच का?"

वहिनींनी पुरचुंडी बांधली आणि फळीमागे ठेवली. मी उठलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, बाहेर सांगू नका. तुमचे हात जोडते."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

५

बाजाराच्या दिवशी सकाळी मी परागच्या दुकानात गेलो. रंजना तिथेच होती, मोखाड्याच्या जीपवाल्याला तिनं थांबवून ठेवलं होतं. समृद्धी आली, देवजी आला, कचेरीचे दोनचार शिपाईही आले. मी सगळ्यांसमोर कपटे मांडले आणि एकेक गोष्ट उलगडत गेलो. कपट्यांची संख्या, त्यांची लांबी, भाऊबीज, मोडलेला खुबा, न वाढलेलं भाडं. कपटे कुणी कापले ते मी सांगितलं नाही, घरातल्या कुणीतरी नाव राखायला कापले, एवढंच म्हणालो. तेवढं मन मी राखलं. परागकडे बघून मी म्हणालो, "तुझ्यावर नाहक आळ घेतला, माफ कर." आणि शेवटी म्हणालो, "थोडक्यात, रंजनाचे पैसे कुणी चोरले नाहीत. ते चंद्रकांतशेठनी बुडवले."

हे वाक्य मी दोन दिवस मनात घोळवत होतो. म्हणून झाल्यावर मी सगळ्यांचे चेहरे बघितले.

देवजीनं टोपी काढली. "म्हंजे सगळा मुलूख नोटा बदलीत व्हता, आणि शेठनं हात नाय लावला. दुसऱ्याचं हाय म्हणून."

"मरेपर्यंत नाही लावला," एक शिपाई म्हणाला. "असा माणूस आता होणे नाही."

समृद्धीनं डोळ्याला पदर लावला. "आणि मी काय काय बोलले त्यांना. नऊ वर्षं बिचारे मान खाली घालत होते."

मी तिथे उभा राहून ते ऐकत होतो. मीच शोधलं, मीच सांगितलं, आणि शेठ माझ्या डोळ्यांदेखत आणखी वर गेले.

"शेठनं मना सांगाया पायजे व्हतं," एकटी रंजना म्हणाली. "मी काय त्यांना खाल्लं नसतं." बाहेर जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. "पण माझं आज काय?"

परागनं ड्रॉवर उघडला. "ताई, मी खतावर सही केलीय. कर्जाचा हप्ता पुढे ढकलतो. हे घ्या, वीस आहेत. बाकीचे दुपारपर्यंत..."

देवजीची नजर आता परागवर गेली. त्या नजरेत तेच होतं, जे शेठचं नाव निघालं की लोकांच्या नजरेत असायचं. म्हणजे हाही. इमारत याला मिळाली, माझी गिऱ्हाइकं याला मिळाली, आणि आता हेही यालाच मिळणार.

"ठेव ते पैसे," मी म्हणालो. माझा आवाज इतका मोठा निघाला की सगळे वळले. "मोजून घेतले असं मी लिहिलं. कुणी मोजले नव्हते. तीस वर्षांत लिहिलेलं ते एकच खोटं वाक्य. पैसे मी देणार."

बँक उघडली होती. इमारतीसाठी साठवलेल्या पैशातून मी चाळीस हजार काढले आणि रंजनाच्या हातात दिले. तिनं ते मोजले, दोनदा मोजले, मग कमरेला खोचले. पोती जीपवर चढली.

"काका," जीपमधून वाकून ती म्हणाली, "मोखाड्याला आलात तर जेवल्याबिगर जायाचं नाय. पैसं नाय घ्यायची."

जीप वळणाआड गेली. देवजीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आज तुमी शेठचीच आठवण करून दिलीत बघा," तो म्हणाला. त्याला वाटलं, यापेक्षा मोठं कौतुक नसतं.

६

संध्याकाळच्या आधी मी वहिनींकडे गेलो. त्यांना सगळं कळलं होतं. दोघी-चौघी येऊन शेठचे गुण गाऊन गेल्या होत्या. वहिनींनी मला चहा दिला आणि समोर बसल्या.

"मी सांगू नका म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"मला त्यांचं नाव खराब करायचं होतं वहिनी. नुसता हेवा होता. आयुष्यभरचा. आणि पैसे दिले तेही हेव्यापोटीच दिले, परागला ते नाव मिळू नये म्हणून. लोक काहीही म्हणोत, तुमच्याशी खोटं बोलवत नाही."

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आपला कप बाजूला ठेवला.

"तुम्ही विचारलंत ना, तिचंच पाकीट का फोडलं."

"हो."

"तिचं भाडं वाढवत नसत. तिचं नाव निघालं की उठून जात. दुपारचं जेवण घरात असताना महिन्यातून एकदा तिच्या खानावळीत जाऊन बसत, आणि परत आले की बोलत नसत. गावात लोक काय बोलायचे ते मला ऐकू यायचं भाऊजी. मी नऊ वर्षं त्या बाईचा हेवा केला. रस्त्यात दिसली तर मी रस्ता बदलायची. ते गेल्यावर किल्ली हातात आली, तेव्हा सगळ्यात आधी तिचं पाकीट काढलं. मला वाटलं होतं, आत चिठ्ठी असेल. फोटो असेल. काहीतरी असेल."

"आणि नोटा निघाल्या."

"नोटा निघाल्या. मेलेल्या. एका गरीब बाईचे चाळीस हजार माझ्या नवऱ्याच्या हातून गेले, हे मला कळलं. आणि मी काय केलं सांगू? मी हसले. देवघरासमोर बसून एकटीच हसले. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. चिठ्ठी नव्हती ना."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"ते हसू आठवलं की मला आजही माझीच शिसारी येते. नाव त्यांचं राखायचं होतं, हे खरं आहे. पण त्या नोटा कुणी पाहिल्या असत्या, तर मला वाटलं, माझं हसूही कुणीतरी पाहील. म्हणून कापले मी कपटे."

मी चहा संपवला. निघताना त्यांनी विचारलं, मोखाड्याची जीप सकाळी कधी सुटते. मी वेळ सांगितली. त्यांनी फळीमागची पुरचुंडी काढून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "सोबत याल का? मला एकटीला तिच्यासमोर उभं राहवणार नाही."